फिलिपिनो सिनेमा: कुठून सुरुवात करावी, कोणती प्रत बघावी आणि जुनं सगळं गेलं कुठे?

चौथी रांग

इराणी, कोरियन, तैवानी सिनेमावर इथे धागे आहेत, फिलिपिन्सवर एकही सापडला नाही. उल्लेख येतो तो लाव दियाझच्या आठ तासांच्या चित्रपटावर कोटी करण्यापुरता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या देशात वर्षाला दोनशेच्या वर चित्रपट निघायचे.

आधी माझं मत सांगून टाकतो, मग खुशाल भांडा. या सिनेमाचा स्वभाव घाईनं घडवलाय. चित्रीकरणाला मोजके दिवस, निर्मात्याचा हात आखडता, वर सेन्सॉर, आणि नाताळला चित्रपट थिएटरात लागलाच पाहिजे हा तगादा. त्यामुळे एकाच प्रसंगात भरपूर काही उरकायचं, भावना चढ्या पट्टीत ठेवायची आणि सेट उभारण्यापेक्षा खऱ्या वस्तीत कॅमेरा लावायचा, हे तिथल्या दिग्दर्शकांच्या अंगात मुरलं.

सुरुवात 'इन्सियांग'पासून करा (१९७६, लिनो ब्रोका, ९५ मिनिटं). मनिलाच्या तोंदो झोपडपट्टीत आई, आईचा तरणा यार आणि मुलगी. पहिलंच दृश्य डुकरांच्या कत्तलखान्यातलं आहे, ते झेपलं तर पुढचं झेपेल. दुसरा 'किसापमाता' (१९८१, माइक दे लेओन). निवृत्त पोलीस बाप लग्न झालेल्या मुलीला घराबाहेर पडू देत नाही. १९६१ साली खरोखर घडलेल्या हत्याकांडावर निक होआकिन यांनी लिहिलेल्या वृत्तान्तावर तो आधारलेला आहे. भुताचा नाही, पण भयपट म्हणूनच बघा. तिसरा 'हिमाला' (१९८२, इश्माएल बेर्नाल). दुष्काळी गावातल्या एल्साला मेरीचं दर्शन होतं, आणि गावाचा बाजार होतो.

'मायनिला सा मंगा कुको नंग लिवानग' (१९७५, ब्रोका, १२५ मिनिटं) सगळ्या याद्यांत पहिला असतो. मी तो चौथा ठेवतो, कारण त्याचा नायक हुलियो बराच वेळ नुसता बघत असतो आणि चित्रपट शहराचा आहे. ब्रोकाचा हात ओळखीचा झाला की बांधकामावरची मजुरी, जास्त रकमेवर सही घेऊन हातात कमी टेकवणं, हे सगळं तो किती थंडपणे दाखवतो ते कळतं. खटकणारी गोष्टही सांगतो: त्यातला चिनी खलनायक अगदी ठोकळेबाज आहे.

अंधारखोली

क्रम पटला. पण वरची यादी १९७५ पासून सुरू होते, यात नुसती आवड नाही, नाइलाजही आहे. त्याआधीचं फार थोडं हाताशी आहे.

मनिलात चलच्चित्रं पहिल्यांदा दिसली १८९७ च्या जानेवारीत, एस्कोल्ता रस्त्यावरच्या सालोन दे पेर्तिएरात. फिलिपिनो माणसानं बनवलेला पहिला कथापट होसे नेपोमुसेनो यांचा 'दालागांग बुकिद' (१९१९). त्याची एकही प्रत उरलेली नाही. नेपोमुसेनोंचाच 'पुन्याल ना गिंतो' (१९३३) हा तागालोग भाषेतला (मनिलाकडची भाषा) पहिला बोलपट, तोही गेला. महायुद्धाआधीच्या सगळ्या चित्रपटांपैकी पूर्ण किंवा बऱ्यापैकी शाबूत असलेले एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच: 'झांबोआंगा' (१९३७), 'गिलिव को' (१९३९), 'तुनाय ना इना' (१९३९), 'पाकिउसाप' (१९४०), 'इबोंग आदार्ना' (१९४१). यातला 'झांबोआंगा' तर परदेशातून परत मिळाला, आणि 'गिलिव को'ची दुरुस्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात झाली.

कारणं तीन. त्या काळची नायट्रेट फिल्म पेट घेते, आणि १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मनिला शहरच बेचिराख झालं. दुसरं, चित्रपट उतरला की प्रिंट म्हणजे अडगळ. तिसरं कारण हवा. युद्धानंतर आलेली अॅसिटेट फिल्म पेटत नाही, पण कुजते. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर ताज्या अॅसिटेटला व्हिनेगरचा वास सुटायला साधारण ४० वर्षं लागतात. मनिलात वर्षभर २७-२८ अंश आणि आर्द्रता सत्तरच्या वर, म्हणजे ही मुदत झपाट्यानं कमी होते. एकदा सुरुवात झाली की सुटणारं आम्लच पुढची कूज वाढवतं. म्हणून घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा हा फिल्मचा शत्रू: आम्ल आत कोंडतं आणि शेजारच्या रिळालाही लागतं.

तपासायला डब्यात रंगपट्टी ठेवतात. निळी असेल तर ठीक. हिरवटीकडे झुकली की कूज सुरू. मोजपट्टीवर दीडच्या पुढे गेली की ते रीळ लगेच थंड कोठारात हलवून आधी त्याचं स्कॅनिंग उरकायचं. पिवळी झाली की बहुतेक वेळा रीळ आक्रसून वाकडं झालेलं असतं आणि साध्या यंत्रातून जात नाही.

आपण नाक मुरडू नये. 'आलम आरा' आपल्याकडेही नाही.

गावठी टॉकीज

@चौथी रांग, घाईचा सिद्धान्त आकर्षक आहे, पण तो बजेटच्या वहीतून लिहिल्यासारखा वाटतो. या सिनेमाचा चढा सूर घाईच्या कितीतरी आधीचा आहे. तो रंगभूमीवरून आला.

'दालागांग बुकिद' मुळात एक सार्सुवेला होता, म्हणजे स्पॅनिश धाटणीचं संगीत नाटक. हेर्मोहेनेस इलागान यांचं लेखन, लेओन इग्नासियो यांचं संगीत. नायिका आतांग दे ला रामा मूळ नाटकातलीच. चित्रपट मूक, म्हणून खेळाच्या वेळी ती स्वतः थिएटरात उभी राहून पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडाशी जुळवून गाणं म्हणायची. संगीत नाटकावर वाढलेल्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. त्याच्या जोडीला सिनाकुलो, म्हणजे पवित्र आठवड्यात गावोगाव होणारं ख्रिस्ताच्या यातनांचं नाटक. सोसणारी, छळली जाणारी आणि शेवटी गर्दीसमोर उभी राहणारी बाई तिथून आली. 'हिमाला'मधली टेकडीवरची एल्सा बघा. ती घाईत सुचलेली नाही.

तिसरा झरा कोमिक्सचा. साप्ताहिकात क्रमशः येणाऱ्या चित्रकथा लाखो लोक वाचायचे, गोष्ट संपायच्या आत तिचे हक्क विकले जायचे. निर्मात्याला आयता प्रेक्षक मिळायचा. मार्स रावेलो यांची महाशक्तिशाली नायिका 'दार्ना' १९५१ मध्ये पडद्यावर आली ती अशी, रोझा देल रोझारियोला घेऊन. हीच बाई 'झांबोआंगा'ची नायिका, आणि तिथला तिचा नायक फर्नांदो पो सीनियर. त्याचा मुलगा फर्नांदो पो ज्युनियर पुढे मारधाडपटांचा अनभिषिक्त राजा झाला आणि २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. हरला. त्याचा मित्र जोसेफ एस्त्रादा मात्र पडद्यावरच्या गरिबांच्या कैवाऱ्याच्या भांडवलावर १९९८ मध्ये निवडून आला होता. पडदा आणि मतपेटी यांचं नातं समजल्याशिवाय हा सिनेमा समजत नाही.

चौथी रांग

सूर रंगभूमीचा, हे मान्य. पण तो सूर टिकला कशामुळे? स्टुडिओंना तो परवडत होता म्हणून. साम्पागिता (१९३७), एलव्हीएन (१९३८) आणि युद्धानंतर प्रीमियर यांचं गणित साधं होतं: कलाकार पगारी, सेट कायमचे, कथा ओळखीच्या. एलव्हीएनच्या दोन्या सिसांग दे लेओन स्वतः कथा निवडायच्या, खर्चावर त्यांची नजर असायची. त्या चौकटीत राहून लाम्बेर्तो आवेल्याना यांनी 'आनाक दालिता' (१९५६) केला: युद्धात उद्ध्वस्त झालेल्या चर्चच्या अवशेषांत राहणारी माणसं. मानुएल कोंदे यांचा 'चंगीझ खान' (१९५०) १९५२ मध्ये व्हेनिस महोत्सवाला गेला, आणि परदेशात तो जेम्स एजी यांच्या इंग्रजी निवेदनासह फिरला.

कामगारांचे संप, वाढते मेहनताने आणि स्वतःच निर्माते झालेले नट यांच्यापुढे ही व्यवस्था कोसळली. एलव्हीएननं १९६१ मध्ये निर्मिती थांबवली, फक्त प्रयोगशाळा चालू ठेवली. माइक दे लेओन हा दोन्या सिसांगचा नातू. 'मायनिला'चा निर्माताही तोच आणि छायाचित्रकारही तोच.

तळ्यात मळ्यात

मार्शल लॉच्या काळात सेन्सॉर नेमकं काय करायचं? 'इन्सियांग'सारखा चित्रपट सुटला कसा, हे कळत नाही.

बिनकात्री

@तळ्यात मळ्यात, सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसनं मार्शल लॉ लावला. त्यानंतर तयार चित्रपटाआधी पटकथाच तपासली जाऊ लागली आणि मंडळावर लष्करी अधिकारीही बसले. म्हणजे कात्री दोनदा. याचे परिणाम पडद्यावर दिसतात, शोधायची सवय हवी.

एक, काळ मागे सरकवणं. 'मायनिला' १९७५ चा, पण गोष्ट १९७० मध्ये घडते असं सांगितलंय. म्हणजे दिसणारी हलाखी मार्शल लॉच्या आधीची, सरकारनं रागावायचं कारण नाही! दोन, देशाचं घर करणं. 'किसापमाता'तला बाप, 'बॅच ८१' (१९८२) मधली विद्यार्थी संघटनेतली रॅगिंग. सेन्सॉरला कौटुंबिक कलह दिसतो, प्रेक्षकाला काय ते कळतं. तीन, महोत्सवाचं कवच. 'इन्सियांग' १९७८ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवातल्या 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' विभागात गेला. तो कानला पोचलेला पहिला फिलिपिनो चित्रपट, तिथवर नेण्यात फ्रेंच समीक्षक पियेर रिसियाँ यांचा हात मोठा. पुढे 'जागुआर' १९८० मध्ये मुख्य स्पर्धेत होता. बाहेर नाव झालेल्या माणसावर हात टाकणं सरकारला अवघड जायचं.

सगळे सुटले नाहीत. ऊसतोड मजुरांवरचा बेन सेर्व्हांतेसचा 'साकादा' (१९७६) जप्त झाला. बेर्नालच्या 'मनिला बाय नाइट' (१९८०) मधून शहराचं नावच काढायला लावलं. तो 'सिटी आफ्टर डार्क' म्हणून लागला, आणि बर्लिन महोत्सवाला जाऊ दिला नाही. जुन्या प्रतींत संवाद मध्येच तुटल्यासारखा वाटतो तो यामुळे, प्रिंट खराब आहे म्हणून नव्हे.

गुंता असा की 'हिमाला' आणि पेके गाल्यागाचा 'ओरो, प्लाता, माता' (१९८२) हे दोन्ही सरकारच्याच एक्सपेरिमेंटल सिनेमा ऑफ द फिलिपिन्सच्या पैशातून झाले, आणि त्या संस्थेच्या प्रमुख होत्या मार्कोसकन्या इमी. म्हणून 'सरकार विरुद्ध कलावंत' असं सरळ चित्र रंगवू नका.

ब्रोकाचा 'बायान को: कापित सा पातालिम' १९८४ मध्ये कानच्या स्पर्धेत दाखवला गेला, मायदेशी अडकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै १९८५ च्या निकालात मंडळाच्या अधिकाराला 'स्पष्ट आणि तातडीचा धोका' ही कसोटी लावली, पण 'फक्त प्रौढांसाठी' हा शिक्का तसाच ठेवला. त्याच वर्षी नवं मंडळ आलं, ते आजही आहे. त्याचा 'एक्स' शेरा म्हणजे सार्वजनिक खेळ बंद. मार्कोस गेल्यावर सगळं मोकळं झालं असंही नाही. ब्रोकाचा 'ओराप्रोनोबिस' (१९८९) आकिनोंच्या राजवटीतही थिएटरात येऊ शकला नाही. १९९१ मध्ये मोटार अपघातात ब्रोका गेला.

पडद्यामागचा

घाईचा विषय निघालाय तर मनिला फिल्म सेंटर सोडून चालणार नाही. जानेवारी १९८२ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी ही इमारत रात्रंदिवस पाळ्या लावून उभी केली जात होती. १७ नोव्हेंबर १९८१ च्या पहाटे वरच्या मजल्याची परांची कोसळली आणि मजूर ओल्या काँक्रीटमध्ये गाडले गेले. किती गेले हा वाद अजून मिटलेला नाही. महोत्सव ठरल्या तारखेला झाला. त्या इमारतीत पुढे पैसे उभे करायला सेन्सॉर न केलेले कामुक चित्रपट दाखवले.

अवांतर: त्याच महोत्सवाच्या बाजारात परदेशी खरेदीदारांनी उचलला तो वेंग वेंग या पावणेतीन फुटी नटाचा जेम्स बाँडछाप हेरपट. सरकारला हवी होती प्रतिष्ठा!

आणखी अवांतर: फिलिपिन्स म्हटलं की 'अपोकॅलिप्स नाऊ' आठवणाऱ्यांसाठी. तो तिथे चित्रित झाला, फिलिपिनो सिनेमा नव्हे. पण हवाई दलाची हेलिकॉप्टरं मार्कोसनं भाड्यानं दिली होती आणि बंडखोरांशी लढायला ती मध्येच परत बोलावली जायची, हे ध्यानात ठेवण्यासारखं. त्याच काळात अमेरिकी निर्माते स्वस्तात तुरुंगपट आणि राक्षसपट काढायला येत, आणि एद्दी रोमेरो त्यातही होते. त्याच रोमेरोंनी १९७६ मध्ये 'गानितो कामी नूऑन... पानो कायो न्गायोन?' केला.

चौथी रांग

'पितो-पितो'वर कुणीतरी लिहा. माझा अर्धा सिद्धान्त त्यावर उभा आहे.

सात दिवस

लिहितो. 'पितो' म्हणजे सात. १९९०च्या उत्तरार्धात, आशियाई आर्थिक संकटाच्या आगेमागे, लिली मोन्तेव्हेर्दे यांच्या रीगल फिल्म्सनं गुड हार्वेस्ट नावाखाली ही पद्धत चालवली. सात दिवस चित्रीकरण, सात दिवस संकलन आणि ध्वनी, बजेट साधारण २५ लाख पेसो. प्रत्यक्षात दिवस थोडे वाढायचे, पैसे वाढायचे नाहीत.

सात दिवसांत पूर्ण लांबीचा चित्रपट उरकायचा म्हणजे काय, ते मोजून बघा. शंभर मिनिटांचा चित्रपट धरला तर दिवसाला पडद्यावरची चौदा मिनिटं मिळायला हवीत. एरवी तीन-चार मिळाली तरी युनिट खूष असतं. त्यामुळे काही निर्णय आपोआप ठरतात. स्थळं तीन-चारच आणि एकमेकांच्या चालत जाण्याच्या अंतरावर. प्रकाशयोजना खोलीला एकदाच करायची, शॉटगणिक बदलायची नाही. क्लोजअपसाठी वेगळी मांडणी नको म्हणून माणसं एकाच चौकटीत वावरवायची आणि टेक लांब ठेवायचा. गडबड होते ती संकलनात. एखाद्या टेकमध्ये नट अडखळला तर कापून जायला दुसरा कोन नसतो. मग एक तर तो अडखळलेला टेक जातो, नाहीतर वरून संगीत ओतून झाकतात. रात्रीचे प्रसंग पहिल्या दोन दिवसांत ठेवले तर पुढचे दिवस युनिट झोपेवाचून कोलमडतं, म्हणून शहाणा सहायक ते शेवटी ढकलतो.

बरेच चित्रपट टाकाऊ निघाले. पण जेफ्री जेतुरियनचा 'पिला बाल्दे' (१९९९) याच साच्यातला, आणि लाव दियाझचा पहिला चित्रपट 'सेराफिन हेरोनिमो' (१९९८) सुद्धा.

आता @चौथी रांग यांच्या बाजूनं एक मुद्दा. सात दिवसांच्या कारखान्यातून निघालेल्या माणसानं पुढे 'बातांग वेस्ट साइड' (२००१) पाच तासांचा केला आणि 'एबोलुस्योन' (२००४) सुमारे दशकभर रखडत, १६ मिमीवरून डिजिटलवर येत, दहा तासांच्या आसपास नेला. हा लहरीपणा नाही. निर्मात्याच्या घड्याळाला दिलेलं ते उत्तर आहे.

गावठी टॉकीज

उत्तर सुंदर आहे, बघायला माणूस मिळत नाही एवढंच. :)

सात दिवस

मिळतो, वाट नीट धरली तर. दियाझचा आठ तासांचा 'हेले सा हिवागांग हापिस' (२०१६) पहिला लावणारे लोकच विनोद करतात. आधी 'आंग बाबाएंग हुमायो' (२०१६) घ्या. कृष्णधवल, २२६ मिनिटं, व्हेनिसचा सुवर्णसिंह. तीस वर्षं निरपराध तुरुंगात काढून बाहेर आलेली बाई सूड घ्यायला निघते. गोष्ट स्पष्ट आहे, त्यामुळे लांबी जाचत नाही. यातली चारो सांतोस म्हणजे 'किसापमाता'तली मुलगी. मधल्या काळात ती देशातल्या सर्वांत मोठ्या दूरचित्रवाणी कंपनीची प्रमुख होती. दुसरा 'नोर्ते' (२०१३), रंगीत, २५० मिनिटं. त्यानंतर 'मुला सा कुंग आनो आंग नूऑन' (२०१४), ३३८ मिनिटं, लोकार्नोचा सुवर्ण बिबट्या.

खोली पूर्ण अंधारी हवी. त्याच्या कृष्णधवल चित्रपटांत बरंचसं गडद राखाडीत घडतं, दिवा चालू असेल तर अर्धी चौकट काळी दिसते. टीव्हीवरचं 'मोशन स्मूदिंग' (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. थांबायचं असेल तर शॉट संपल्यावर थांबा, अधेमधे नको. गतीनं पुढे ढकलत बघणार असाल तर बघूच नका.

अंधारखोली

प्रतींबद्दल कोणीच बोललं नाही, आणि निम्मी निराशा तिथेच होते.

पहिली तपासणी लांबीची. १२५ मिनिटांचा 'मायनिला' तुमच्याकडे १२० मिनिटांचा दिसत असेल तर लगेच 'कापलाय' म्हणू नका. जुन्या पाल (टीव्हीची एक पद्धत) व्हिडिओत सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, त्यामुळे लांबी चार टक्क्यांनी घटते आणि आवाज किंचित बारीक होतो. त्याहून लहान असेल तर मात्र खरंच काहीतरी गेलंय. दुसरी तपासणी रंगाची. सगळं गुलाबी-तांबूस दिसत असेल तर ती विटलेल्या प्रिंटवरून केलेली प्रत. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर थर सगळ्यांत आधी उडतो. तिसरी चौकटीची. कडेला उभ्या माणसाचं अर्धं डोकं कापलेलं दिसलं तर ती टीव्हीसाठी चौकोनी केलेली प्रत.

'मायनिला'ची २०१३ ची दुरुस्त प्रत वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट आणि इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेनं केली, माइक दे लेओनच्या देखरेखीखाली, लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या मूळ निगेटिव्हवरून. 'इन्सियांग' २०१५ मध्ये झाला. 'किसापमाता' २०२० मध्ये, 'इतिम' २०२२ मध्ये, ब्रोकाचा 'बोना' २०२४ मध्ये. 'हिमाला' एबीएस-सीबीएन या दूरचित्रवाणी कंपनीच्या 'सागिप पेलिकुला' या चित्रपट दुरुस्तीच्या उपक्रमातला सुरुवातीचा चित्रपट, २०१२ चा. २०२० मध्ये त्या कंपनीला प्रक्षेपणाचा परवाना नाकारला गेला. त्याचा फटका चित्रपट जपणाऱ्या विभागालाही बसला.

डिस्क मागवणार असाल तर: अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीची ब्लू-रे 'ए' विभागाची, ब्रिटिश संस्थेची 'बी', आणि भारत 'सी' विभागात. इथे घेतलेल्या साध्या प्लेअरवर दोन्ही चालणार नाहीत. सर्व विभागांचा प्लेअर लागतो. डिस्क सदोष समजून परत पाठवणारे बरेच असतात.

तळ्यात मळ्यात

माहितीचा खजिना आहे. नाताळचा तगादा म्हणजे मेट्रो मनिला फिल्म फेस्टिव्हल ना? तिथे तर हल्ली विनोदी आणि भुताचेच चित्रपट असतात असं वाचलं.

बिनकात्री

तोच. १९७५ पासून सुरू. २५ डिसेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा थिएटरांत फक्त निवडलेले स्थानिक चित्रपट, हॉलिवुड बाहेर. 'इन्सियांग', 'किसापमाता', 'हिमाला', मारिलू दियाझ-आबायाचा 'मोराल' (१९८२) हे सगळे नाताळात लागलेले चित्रपट आहेत. म्हणजे सुट्टीत पोराबाळांना घेऊन आलेल्या प्रेक्षकासमोर! पुढे धंदा वरचढ झाला. २०१६ मध्ये निवड समितीनं नेहमीचे गल्लाभरू वगळून हाँगकाँगमधल्या घरकामगार बायकांवरचा 'संडे ब्यूटी क्वीन' हा माहितीपट घेतला, तोच सर्वोत्कृष्ट ठरला. पुढच्याच वर्षी नेहमीचे यशस्वी पुन्हा हजर.

पैशाचंही बघा. करमणूक कर पूर्वी ३० टक्क्यांपर्यंत जायचा, २००९ च्या कायद्यानं तो १० वर आणला. मूल्यमापन मंडळानं 'ए' श्रेणी दिली तर हा कर पूर्ण परत, 'बी'ला ६५ टक्के. एक कोटी पेसोंच्या गल्ल्यावर दहा टक्के कर पडला तर 'ए'ला दहा लाख, 'बी'ला साडेसहा लाख हातात. लहान निर्मात्याचा पुढचा चित्रपट यावर ठरतो. पण गल्ला झाला तर ना! पहिल्या दोन दिवसांत गर्दी नसली की थिएटरं खेळ उतरवतात. 'हेनेराल लुना' (२०१५) दुसऱ्या आठवड्यात उतरायला लागला होता, तोंडी प्रसिद्धीनं पुन्हा पडदे मिळाले. अपवादच तो.

कामाच्या तासांवर २०२४ मध्ये कायदा आला, चित्रीकरणस्थळी पडून २०१९ मध्ये मृत्यू पावलेले ज्येष्ठ नट एद्दी गार्सिया यांच्या नावानं. दिवसाला आठ तास, फार तर चौदा, आठवड्याला साठ. घाईवर आता कायद्याची मर्यादा.

गावठी टॉकीज

एक काटेरी प्रश्न. २००५ ला सिनेमालाया महोत्सव आला, पाच लाख पेसोंचं बीजभांडवल आणि स्वस्त डिजिटल कॅमेरे. त्यातून 'माक्सिमो ओलिवेरोस' (२००५) सारखा गोड, धीट चित्रपट झाला. पण लवकरच एक साचाही पडला: हलता कॅमेरा, गल्ली, चिखल, युरोपातला पुरस्कार. ब्रिलियान्ते मेंदोझाला 'किनाताय'साठी कानचं दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं (२००९), 'मा रोझा'साठी जॅकलिन होसेला अभिनयाचं (२०१६). मनिलात अनेकांनी याला गरिबीचं प्रदर्शन म्हटलं. मला ते अर्धं पटतं. ब्रोकाची झोपडपट्टी मनिलाच्या प्रेक्षकाला उद्देशून होती, भाषा त्याच्या मेलोड्रामाची होती. 'किनाताय'चा प्रेक्षक कोण?

चौथी रांग

'सेर्बिस' (२००८) बघून मग बोलू. पडक्या थिएटरात राहणारं, तेच चालवणारं कुटुंब, एक दिवस. त्यात सूर चढा नाही आणि दयाही नाही. मेंदोझाचा सगळ्यात चांगला चित्रपट तोच, 'किनाताय' नव्हे. प्रेक्षकाचा मुद्दा मात्र बरोबर. घरचा प्रेक्षक आज कॅथरिन बेर्नार्दो आणि आल्डेन रिचर्ड्सच्या 'हेलो, लव्ह, अगेन'ला (२०२४) जातो. एक अब्ज पेसोंचा गल्ला ओलांडणारा पहिला स्थानिक चित्रपट. परदेशात राबणाऱ्यांची प्रेमकथा आहे ती, हलक्यात काढू नका.

पडद्यामागचा

सगळी चर्चा तागालोगचीच झाली. सेबू बेटाकडच्या सेबुआनो भाषेत १९५०च्या दशकात चांगला धंदा होता, त्यातलं जवळपास काही उरलेलं नाही. नव्यांपैकी रेम्तोन झुआसोलाचा 'दाम्गो नी एलेउतेरिया' (२०१०) शोधा. परदेशी माणसाशी लग्न करायला पाठवल्या जाणाऱ्या मुलीचा एक दिवस, दीड तास, एकच अखंड शॉट. विनोदी हवा असेल तर 'पाताय ना सि हेसुस' (२०१६), आईनं सगळ्या मुलांना गाडीत कोंबून सेबूहून नवऱ्याच्या अंत्यविधीला नेलेलं. दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरून 'तु पुग इमातुय' (२०१७).

शोधताना दिग्दर्शकाच्या नावानं शोधा, चित्रपटाच्या नावानं नको. एकाच चित्रपटाला मूळ नाव आणि महोत्सवातलं इंग्रजी नाव अशी दोन असतात. उपशीर्षकं वेगळी उतरवून घेणार असाल तर ती त्याच लांबीच्या प्रतीची आहेत ना ते बघा. २५ चौकटींच्या प्रतीला २४ ची लावली तर सुरुवातीला जुळतात आणि तासाभरानं दोन-अडीच मिनिटं मागे पडतात. प्लेअरमध्ये नुसतं पुढे-मागे सरकवून ते सुटत नाही, वेगाचं गुणोत्तर बदलावं लागतं.